दोष माझा नव्हता

“आई, कप निसटला तुझ्या हातातून. सकाळी चमचाही पडला होता. आधी डॉक्टरांकडे जाऊन येऊ या का?”

“अगं, हात ओला होता माझा. बाहेर एवढे लोक ताटकळलेत आणि तुझं आपलं भलतंच! मूल झाल्यापासून तुला ऊठसूट भीतीच वाटते.”

मित्रांनो, रंगमंचामागच्या खोलीतलं हे बोलणं मी कान देऊन ऐकलं. न ऐकून करतो काय? त्यातल्या आईच्या गळ्यापाशीच मी टाचलेला होतो. मी एक जुना कॉलर माइक आहे. बोटाच्या पेराएवढा जीव माझा, पण उभा जन्म ऐकण्यात गेला.

एका कारखान्यात भिंगाखाली वाकून बसलेल्या बाईंनी माझ्या पोटात पातळसा पडदा बसवला. तुमच्या कानात असतो ना, तसाच. मग मी त्या सभागृहात आलो. “काय स्वच्छ आवाज आहे!” असं म्हणत लोक माझं कौतुक करायचे. कितीतरी गायक, वक्ते, मंत्री माझ्यापाशी बोलून गेले. पुढे नवे, चकचकीत माइक आले आणि मी खणात जाऊन पडलो. माझी वायर एका जागी खरखरू लागली होती. त्या दिवशी नव्यांपैकी एक ऐनवेळी रुसला, म्हणून साउंडवाल्या काकांनी मला बाहेर काढलं.

मुलाखत होती कादंबरीकार बाईंची, आणि प्रश्न विचारणार होती त्यांचीच लेक. तिचं तान्हं बाळ पहिल्या रांगेत बाबांच्या खांद्यावर झोपलं होतं. लेकीचा एक डोळा त्याच्यावर, दुसरा आईच्या हातावर.

सुरुवातीलाच मी थोडा खरखरलो. बाई मला चिमटीत धरून म्हणाल्या, “या म्हाताऱ्याला अजून राबवताय? आम्हा दोघांना एकदमच पेन्शन द्या!” सभागृह हास्यात बुडालं. मीही मनातल्या मनात हसलो. तो विनोद किती महागात पडणार आहे हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं?

“तुझ्या पहिल्या कादंबरीतली प्रकरणं इतकी लहान का?” लेकीने विचारलं.

“त्यावर मोठमोठ्या समीक्षकांनी लेख पाडले. खरं कारण माझ्यासमोर बसलंय. तू झोपलीस की मी लिहायचे. तू टॅहॅ केलंस की प्रकरण संपलं!”

टाळ्या थांबेनात. लेकही डोळे पुसत हसली. मग तिने विचारलं, “आणि त्यातली ती बाई घर सोडून जाते. ती परत का येत नाही गं?”

“ती... ती पर...”

शब्द जड झाले. तोंडात कापूस कोंबावा तसे. माझा पडदा लख्ख होता, मित्रांनो. जे येत होतं तेच मी इमानाने पुढे पाठवत होतो. पण मागून कुणीतरी ओरडलं, “आवाज नीट येत नाही!” दुसरा म्हणाला, “अहो, तो म्हातारा बदला!” पुन्हा हशा. काका धावत आले, मला उपटून टेबलावर ठेवलं आणि बाईंच्या उजव्या हातात नवा माइक दिला.

तो धाडकन खाली पडला.

काकांनी तो उचलून त्यांच्या ओठांशी धरला. कोरा करकरीत माइक, तरी शब्द तसेच लोळागोळा! हसू जागच्या जागी विरलं. टेबलावरून मला बाईंचा चेहरा पहिल्यांदाच समोरून दिसला. ओठांचा उजवा कोपरा खाली ओघळला होता. माझ्या अंगातून सर्रकन वीज गेली.

“आई, दोन्ही हात वर कर!”

डावा उठला. उजवा मांडीवरच राहिला.

“माइकला काही झालेलं नाही!” लेक किंचाळली. “आईला होतंय! गाडी बोलवा! कुणी डॉक्टर आहे का?” बाळ दचकून रडू लागलं. सगळं सभागृह उभं राहिलं.

बाई वाचल्या, पण बोलणं गेलं. मेंदूची रक्तवाहिनी तुंबली होती. “कप पडला तेव्हाच आणायला हवं होतं,” डॉक्टर म्हणाले. लेकीने मान खाली घातली. सांगितलं होतं तिने, पण हट्ट धरला नव्हता.

काकांकडून तिने मला मागून घेतलं. आता रोज सकाळी ती मला आईच्या गळ्यापाशी टाचते. बाई एकेक अक्षर जुळवतात आणि स्वतःचा आवाज स्पीकरवर ऐकून पुन्हा म्हणतात. बाळ शेजारी बसून त्यांच्याबरोबरच बोलायला शिकतंय. मध्यंतरी बाई माझ्याकडे बघत पहिलं सबंध वाक्य बोलल्या, “म्हातारा... अजून... चालतोय.” लेक हसता हसता रडली. कादंबरीतली ती घर सोडून गेलेली बाई परत का येत नाही, हे मात्र अजून आमच्यापैकी कुणालाच कळलेलं नाही.

मित्रांनो, मला जपा, पुसून ठेवा, एवढंच मागून मी थांबलो असतो. पण मी त्या दिवशीचा हशा ऐकलाय. तुमच्या आजीचा किंवा आजोबांचा आवाज फोनवर जरा जड वाटला, तर “रेंज नाही वाटतं” म्हणून फोन ठेवू नका. व्हिडिओ कॉल करून त्यांना हसायला सांगा, ओठ एका बाजूला ओघळतात का बघा. दोन्ही हात वर करायला सांगा. “मला काही झालेलं नाही” असं ते म्हणाले तरी हट्ट सोडू नका, मोठ्यांना हाक मारा.

आज त्यांच्याशी बोललात का? नाही ना? मग हे बाजूला ठेवा आणि आधी त्यांना बघून या.