डबल घंटीची लाल गाडी

मित्रांनो, मी एक जुनी गाडी आहे. आज करड्या रंगाची दिसत असले, तरी जन्माने लाल आहे.

माझी घडण पळण्यासाठी झाली. कारखान्यात मला ठेंगणी ठेवले, रुंद चाके दिली, पाठीवर एक छोटा पंख बसवला आणि इंजिन असे दिले की पाय नुसता टेकला तरी मी उसळावे. सोलापूरच्या शोरूममध्ये काचेमागे उभी असताना मला वाटे, एखादा तरुण मला घेऊन जाईल. नेले ते रामहरी यांनी. उभी हयात एसटीची बस चालवून ते नुकतेच निवृत्त झाले होते. त्यांची एकुलती मुलगी प्रियदर्शनी पुण्याच्या कॉलेजात शिकवते. आई नव्हती, म्हणून मला बघायला तीच आली होती.

"अण्णा, या वयात असली गाडी? लोक हसतील."

"हसू दे की. जन्मभर लाल डबा हाकला, आता लाल डबी हाकतो."

शिकवलेल्या हातांची सवय मोडत नाही, हे मला पहिल्याच आठवड्यात कळले. अण्णा मला बससारखे वळवीत, समोर मैदान असल्यासारखा मोठा फेर घेऊन. वेग पंचावन्नच्या वर जाऊ देत नसत. आणि मंगळवेढ्याच्या रस्त्याला लागले की प्रत्येक थांब्यावर त्यांचा पाय आपोआप ब्रेकवर येई. परतीला तिथे कोणी एसटीची वाट पाहत असले, तर काच खाली करून म्हणत, "चला, सोलापूर, सोलापूर!" चार माणसांच्या माझ्या पोटात पाचवे शिरू लागले, की त्यांचा आवाज चढे, "मागं सरका, मागं सरका! दारात उभं राहू नका!" माझ्या दारात उभे राहायला जागाच नाही. लोक पोट धरून हसत आणि सरकत.

त्यांचा एक नियम होता. सगळे बसले तरी ते मला हलवत नसत. कंडक्टरने घंटीची दोरी दोनदा ओढल्याशिवाय बस सुटत नाही. माझ्यात ना कंडक्टर, ना दोरी. म्हणून पुढे, ड्रायव्हरशेजारी बसलेल्याने डॅशबोर्डवर दोनदा वाजवायचे. मग अण्णा मान हलवून गिअर टाकत. पैसे त्यांनी कधी घेतले नाहीत. कोणी शेंगा दिल्या, कोणी हुरडा दिला, तर तेवढा घेत.

गेल्या थंडीत अण्णा झोपेतच गेले. प्रियदर्शनी आली, दिवसकार्य उरकले, घराला कुलूप लावले आणि ती पुण्याला परतली. मी अंगणात कव्हरखाली उभी राहिले. बॅटरी उतरली, टायर बसले, एक मांजर माझ्या बॉनेटवर बाळंत झाले. उन्हाळ्यात प्रियदर्शनीने मला विकले. किल्ली देताना तिने कव्हर काढले नाही. नव्या मालकालाच काढू दिले.

नवा मालक मोईन. नवी पेठेत त्याचे पडद्यांच्या कापडाचे दुकान आहे. दिवसभर कापड फाडून कंटाळलेल्या या माणसाला माझ्यासारखी गाडी कधीपासून हवी होती. तो मला शेखलालचाचांच्या गॅरेजमध्ये घेऊन गेला. चाचांनी मला उचलून खालून पाहिले.

"क्या मोईन, या गाडीला कुणी कधी पळवलंच नाही रे. इंजिन अजून कोरं आहे."

"आता मी पळवतो की चाचा."

क्लचप्लेट बदलली, शॉकअॅब्सॉर्बर नवे आले. पिवळे पडलेले दिवे घासून लख्ख झाले. मागची सीट बाहेर काढली, तेव्हा खाली मेथीच्या वाळक्या पानांचा थर निघाला.

"गाडी होती की भाजीमंडई?" चाचा म्हणाले. मोईनने पाने झाडून टाकली. ती कुठून आली, हे त्याला कोण सांगणार? मला सांगता येत असते, तर पुढचे बरेच टळले असते.

मग एका रविवारी सकाळी त्याने मला मंगळवेढ्याच्या रस्त्यावर सोडले. मित्रांनो, मी खरे सांगते, मला अण्णा आवडत होते. पण त्या दिवशी मी काय आहे ते मला पहिल्यांदा कळले. बेगमपूरच्या पुलापर्यंत मोईन एकटाच हसत होता. परत येताना कामतीच्या थांब्यावर एका म्हातारीने हात केला. माझे काही निखळले की काय, अशा शंकेने त्याने मला थांबवले. ती केराबाई. सोलापुरात भाजी विकायला जाणारी. तिने सवयीने दार उघडले, मेथीची पाटी मांडीवर घेऊन पुढे बसली आणि डॅशबोर्डवर दोनदा वाजवले.

मोईन तिच्याकडे पाहत राहिला.

"चल की! डबल दिली न्हवं? आन् अण्णा कुटं हायत? तू पोरगा व्हय त्यांचा?"

"नाही मावशी. मी गाडी विकत घेतली. ते वारले."

केराबाई सोलापूर येईपर्यंत मेथीच्या जुड्या उगाच सारख्या करत राहिली. उतरताना एवढेच म्हणाली, "गाडी बिघडली आसंल, दुरुस्त झाली की येतील, आसं मी सगळ्यास्नी सांगत व्हते."

त्यानंतर दर रविवारी हेच. तिऱ्ह्याला हात, कामतीला हात, बेगमपूरला हात. मोईन थांबला की लोक आत डोकावून अण्णांना शोधत. बेगमपूरच्या चहावाल्याने माझ्या बॉनेटवर हात ठेवला आणि तो तसाच उभा राहिला, चहा उतू गेला तरी. मोईन थांबला नाही तर मागून हाका येत. त्याची मजा पार गेली. रविवारची गाडी तो दुकानात जायच्या चेहऱ्याने काढू लागला.

"रंग बदलून टाक," शेखलालचाचा म्हणाले. "करडी झाली की कोण ओळखतंय?"

रंग ठरला. त्याच संध्याकाळी मोईनने माझ्यात बसूनच प्रियदर्शनीला फोन लावला.

"ताई, गाडी झकास आहे, तक्रार काही नाही. पण तुमच्या वडिलांचं मरण मी किती जणांना सांगू? मी त्यांना बघितलंसुद्धा नाही हो."

मग तिने विचारले, "कोणाला सांगताय?"

त्याने सगळे सांगितले. तिला यातले काहीच ठाऊक नव्हते. अण्णा फोनवर तब्येत आणि पाऊसपाणी एवढेच बोलत.

"परवा रंगाला देतोय," मोईन म्हणाला. "मग कुणी हात करणार नाही."

"एक रविवार थांबाल? गाडी लाल आहे तोवर येते मी. नाहीतर ते लोक मला सापडायचे नाहीत."

ती आली. ड्रायव्हरशेजारी बसली. जो जो हात करील त्याच्यासाठी मोईन थांबे आणि ती खाली उतरे. प्रत्येक ठिकाणी तिचे शब्द तेच होते, "मी रामहरी ड्रायव्हरांची मुलगी. अण्णा गेले. तुम्हाला कळवायचं राहून गेलं." कोणी डोळे पुसले, कोणी अण्णांच्या 'मागं सरका'ची नक्कल करून दाखवली आणि मग डोळे पुसले. ती रडली नाही. परत आत बसून पट्टा लावी आणि पुढच्या थांब्याकडे पाही.

परतीला कामतीवर केराबाई उभी होती. तिला ठाऊक होतेच. तिने प्रियदर्शनीला न्याहाळले.

"नाक बापाचं हाय," ती म्हणाली. "अगं, दुःखाच्या दारात लोकांनी यायचं आसतं. तू कुलूप लावून गेलीस, आमी कुणाच्या दारात यावं?"

"म्हणून मीच आले, मावशी."

"आलीस ते लई बरं केलंस."

केराबाईने मेथीची एक जुडी तिच्या हातात दिली आणि ती मागे बसली. दारे लागली. मोईनचा हात गिअरवर होता; पण त्याने मला हलवले नाही. तो समोर पाहत राहिला.

"काय झालं?" प्रियदर्शनीने विचारले.

"डबल दे की, बाय," मागून केराबाई म्हणाली. "पुढं बसंल त्यानं दोनदा वाजवायचं. त्याबिगर अण्णाची गाडी हालत न्हाय."

प्रियदर्शनीचा हात डॅशबोर्डवर आला आणि तिथेच थांबला. हजार हातांनी वाजवून वाजवून तिथला प्लास्टिकचा तुकडा गुळगुळीत झाला होता. दुरुस्तीत सगळे बदलले, तेवढे राहिले होते. तिने बोटांनी तो चाचपला. मग दोनदा वाजवले. मी निघाले.

सोलापुरात उतरताना ती मोईनला म्हणाली, "आता द्या रंग. करडा चांगला दिसेल."

मित्रांनो, आमचे तेलपाणी वेळेवर करा, हवा तपासा, उन्हात तापवू नका. हे तर तुम्हाला कोणीही सांगेल. माझे मागणे निराळे आहे. एखादी वस्तू दुसऱ्याच्या हाती देताना किल्लीबरोबर एवढे सांगत जा, की ती कोणाकोणासाठी थांबत होती. आणि घेणाऱ्याने तेवढे विचारावे.

आता मी करडी आहे आणि मोईन मला मनासारखी पळवतो. मला कोणी हात करत नाही. गेल्या रविवारी कामतीला केराबाई उभी होती. तिने माझ्याकडे एकदा पाहिले आणि एसटीच्या वाटेकडे तोंड फिरवले. मोईन पुढे गेला, थांबला, त्याने मला हळूहळू मागे आणले आणि काच खाली केली.

"न्हाय बाबा, परक्याच्या गाडीत मी न्हाय बसायची," ती न बघताच म्हणाली.

मोईनने डॅशबोर्डवर दोनदा वाजवले.

केराबाई वाकली. तिने मला आतून-बाहेरून पाहून घेतले.

"अगं बया," ती मला म्हणाली, "लाल व्हतीस की तू!" आणि पाटी सावरत आत बसली.