अरुंद बोगद्यातला खांब

“आधी छत ठोकून आवाज ऐकायचा. मग वर एक ठोकळा, खाली एक ठोकळा, मधे खांब. आणि आवळायचा तो हाताला कळेपर्यंत. घाई केलीत तर खांब तुम्हाला माफ करणार नाही, आणि मीही.”

खाणीत सगळ्यांना काम शिकवणारे म्हातारे उस्ताद जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण खांब उभा करायची वेळ आली की त्यांचा तो घोगरा आवाज मेव्हण्याच्या कानात हटकून यायचा. आज आला तशी त्याच्या डोक्यात तिडीक गेली. छत ठोकून झालं होतं, ठोकळे बसवून झाले होते, उस्तादांचा शब्द न् शब्द पाळून झाला होता. आणि तरीही काल खांब सरकला, परवा सरकला, आज सकाळीही सरकला. सुरुंगासाठी पाडायचं भोक निम्म्यावर वाकडं गेलं, मशीनची पोलादी सळई दगडात अडकून बसली, आणि ती उपसून काढता काढता त्याच्या आणि दाजींच्या नाकी नऊ आले.

मेव्हणा हे काही त्याचं नाव नव्हे. त्याच्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे दाजी, याच खाणीत दगडात भोकं पाडायचं मशीन चालवायचे. त्यांनी पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर “या, मेव्हणेबुवा!” म्हणून त्याचं स्वागत केलं, आणि तेव्हापासून फोरमनपासून दिवेवाल्यापर्यंत तो अख्ख्या खाणीचा मेव्हणा झाला. सुरुवातीला राग यायचा. आता दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारली तर तो वळूनही बघत नसे.

खांब म्हणजे लोखंडाचा जाड नळ, आणि त्याला खाली मळसूत्राचा पाय. पायाला भोकं असतात. त्यांत पहार घालून फिरवली की खांब उंचावतो आणि छत नि जमीन यांच्यामध्ये घट्ट बसतो. मग त्याला आडवा दांडा जोडायचा, दांड्यावर मशीन चढवायचं. दगडात भोकं पाडताना जे हादरे बसतात ते मग खांब खातो, माणूस नाही. ऐकायला सोपं. पण हा बोगदा म्हणजे डोंगराच्या पोटातली नुसती चीर होती. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला उलट्या पावली मागे जावं लागे. पहार पुरी फिरतच नसे. जराशी फिरवली की भिंतीला आपटायची. काढा, पुढच्या भोकात घाला, पुन्हा जराशी फिरवा. त्यातून खांबाच्या मागे शिरून, अंग चोरून, एका गुडघ्यावर बसल्याशिवाय तिथवर हात पोचत नसे. तिथे मावायचे ते दाजीच. दाजी म्हणजे नुसती हाडं आणि मिश्या.

“तुम्ही बाहेर बसा,” ते म्हणायचे. “ताईने भरवून भरवून तुमचं कपाट केलंय. अडकलात तर दगडाआधी तुम्हाला सुरुंग लावावा लागेल.”

हा खांब मेव्हण्यानेच भांडून मागून घेतला होता. दाजींनी आयुष्यभर मशीन पोटाशी धरून, हातांनी दाबून भोकं पाडली. गेल्या हिवाळ्यात त्यांची बोटं मेणासारखी पांढरी पडायला लागली. सकाळी शर्टाची बटणं लावता येईनात, तेव्हा “राजेलोकांना सेवक लागतातच,” असं म्हणून ते ताईपुढे छाती काढून उभे राहू लागले. डॉक्टरांनी मात्र हसण्यावारी नेलं नाही. हादरे थांबले तर जेवढं उरलंय तेवढं टिकेल, म्हणाले, नाहीतर पुढे घासही भरवावा लागेल. ताईने भावाला मागच्या दाराशी बोलावून हे सांगितलं, आणि पदराने डोळे न पुसता म्हणाली, “तुला काय करता येईल ते कर. देवाला माझं सांगून झालंय.”

ताईचा एक नेम होता. पाळी सुटल्याचा भोंगा कानावर पडेपर्यंत ती पाण्याचा घोटही घेत नसे. हे दोघं वर आले, की मगच. आणि गेले काही दिवस त्या खांबापायी दोघांना रोज उशीर होत होता. भोंगा होऊन गेला तरी हे खालीच, हे कळल्यावर ताई भोंग्यालाही मानेनाशी झाली होती. उंबऱ्यात दोघांचे पाय दिसल्यावरच पेला तोंडाला लावायची. मेव्हण्याला ते बघवत नसे. देवावर चिडता येत नाही, बहिणीवर चिडावंसं वाटत नाही. मग राहता राहिला खांब.

खांबाच्या वरची चकती त्याने घासून सपाट केली. ठोकळे कच्च्या लाकडाचे आहेत म्हणून कोठीवाल्याशी हमरीतुमरीवर आला आणि सुके ठोकळे घेऊनच हलला. पहार भिंतीला लागते म्हणून कापून आखूड केली. तर जोर पुरेना, म्हणून पुन्हा लांब आणली. मळसूत्राचे आटे रॉकेलने धुतले. खांब आपला रोज नव्या नवरीसारखा ताठ उभा राहायचा, आणि मशीन सुरू झालं की हळूहळू मान टाकायचा.

फोरमन सकाळीच येऊन गेला होता. “हाच खांब शेजारच्या बोगद्यात महिनाभर हलला नाही. तुमच्याकडेच कसा नाचतो रे?”

“त्यांचा बोगदा रुंद आहे साहेब. इथे पहार फिरते कुठे?”

“रुंद-अरुंद मला सांगू नकोस. आजच्या पाळीत टिकला तर ठीक. नाही टिकला तर उद्या तो त्यांना परत, आणि तुम्ही आपले पूर्वीसारखे हातात धरून मारा भोकं. दाजी, तुमची काही हरकत?”

“माझी कसली हरकत?” दाजी म्हणाले. “मला तर त्या मशीनशिवाय करमतच नाही. बायकोपेक्षा जास्त वेळ तिलाच मिठी मारलीय.”

फोरमन हसला. मेव्हणा हसला नाही.

दुपारी त्यांनी पुन्हा खांब उभा केला. दाजी मागे शिरले. पहार भिंतीवर ठणठण वाजत राहिली. मेव्हणा बाहेर ओणवा होऊन दिवा धरून होता, मानेवरून घाम ओघळत होता.

“झाला पक्का!” दाजी आतून म्हणाले. “आता हलला तर मी मिशी उतरवतो.” ते सरपटत बाहेर आले आणि मशीन ज्या दाबाच्या हवेवर चालतं, तिची नळी जोडायला वळणापलीकडे गेले.

मशीन अजून दांड्यावर चढायचं होतं. मेव्हणा खांबाकडे बघत राहिला. काय त्याच्या मनात आलं कुणास ठाऊक. कदाचित नुसता राग असेल. त्याने श्वास सोडला, पोट आत ओढलं आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या फटीत घुसला. सदरा फाटला, बरगडी खरचटली, शिवी तोंडातून निघता निघता राहिली. गुडघा टेकून त्याने पहारीला हात घातला.

पहार फिरली.

त्याला वाटलं, सुटली असेल जागेवरून. पुन्हा घातली, पुन्हा फिरवली. पुन्हा फिरली, अगदी सहज, पाण्याचा नळ उघडावा तशी. तो आवळत गेला, आवळत गेला, तेव्हा कुठे ठोकळे करकरले, लोखंड दगडाशी भिडलं आणि पहारीतून त्याच्या खांद्यापर्यंत एक घट्टपणा चढत आला. इथे. इथे थांबायचं असतं.

मशीन तर सुरूच झालं नव्हतं. हादरा बसलाच नव्हता. मग खांब सैल झाला कसा? सैल झाला नव्हता. तो आवळलाच गेला नव्हता.

दाजी नळी ओढत आले. “अरे वा! कपाट आत गेलं! आता बाहेर कसं काढायचं?”

मेव्हणा अंग सोलवटून घेत बाहेर आला. पायाशी पेटीत नट-बोल्ट होते. त्यातला एक नट त्याने उचलला.

“दाजी, हातमोजा काढा. हात पुढे करा. डोळे मिटा.”

“का हो? अंगठी आणलीय?”

“मिटा म्हणतो ना.”

दाजींनी हसत हसत डोळे मिटले आणि तळहात पसरला. मेव्हण्याने नट अलगद त्यावर ठेवला. दिव्याच्या उजेडात तो काळा नट त्या पांढुरक्या तळव्यावर बसला होता. मेव्हणा थांबला.

“ठेवा की मग,” दाजी म्हणाले.

मेव्हण्याने दिवा आणखी जवळ नेला.

“अहो ठेवा, काय चेष्टा लावलीय?” दाजींनी डोळे उघडले, खाली पाहिलं. त्यांचं हसू तसंच राहिलं, पण त्यात कुणी उरलं नव्हतं.

वरून थेंब थेंब पाणी गळत होतं.

“आठवडाभर,” मेव्हणा म्हणाला, आणि मग त्याचा आवाज चढला, “आठवडाभर मी त्या खांबाला शिव्या घालतोय! कोठीवाल्याशी भांडलो, फोरमनची बोलणी खाल्ली, चकती घासली, पहार कापली! ताई तिकडे घोटभर पाणी न पिता बसते! आणि तुम्ही आतून सांगता, झाला पक्का!”

“मला पक्काच वाटला रे.”

“तुम्हाला काय वाटणार? तुम्हाला वाटतच नाही ना काही!”

हे बोलून गेल्यावर त्याला स्वतःचीच लाज वाटली. दाजी खाली दगडावर बसले. त्यांनी नट दुसऱ्या हातात घेतला, मग पहिल्या, जणू कुठल्यातरी एका हाताला तो ओळखू येईल.

“खरंच खांबाचा दोष वाटला मला,” ते हळूच म्हणाले. “निम्मं वाटलं. निम्मं मी वाटवून घेतलं.”

“मला सांगायचं होतंत.”

“काय सांगू? उस्तादांच्या हाताखाली मी शिकलो. सगळे म्हणायचे, आवळावा तर दाजींनी. आता सांगू की माझ्यापेक्षा दारावरचा रखवालदार बरा आवळेल?” त्यांनी मान वर केली. “फोरमनला कळलं तर मला दिव्यांच्या खोलीत बसवतील. येणाऱ्याला दिवा द्या, जाणाऱ्याचा घ्या.”

“बसवू देत. तिथे छत तरी अंगावर येत नाही. दाजी, आज भोक वाकडं गेलं. उद्या हा अख्खा खांब मशीनसकट कोसळेल. माझ्या अंगावर, नाहीतर तुमच्या. मी आत्ता जाऊन सांगतो.”

“थांब.” दाजी एरवी थट्टेने त्याला ‘तुम्ही’ म्हणत, आज ते ‘तू’वर आले होते. “तू नको सांगूस. मेव्हण्याने चुगली केली म्हणून नाही जायचंय मला. मी सांगीन. वर गेलो की मी स्वतः सांगीन. शब्द देतो.”

मेव्हण्याने त्यांच्याकडे पाहिलं. शब्द देताना त्यांनी कुणाची शपथ घेतली नाही, थट्टा केली नाही. म्हणूनच त्याने ऐकलं.

मग त्यांनी मशीन चढवलं. हवा सोडली. बोगदा दणाणला. धूळ आणि पाणी यांचा चिखल तोंडावर उडाला, आणि खांब जागचा हलला नाही. एक भोक सरळ गेलं, दुसरं गेलं. शेवटचं होईपर्यंत खांब जमिनीतून उगवल्यासारखा उभा होता. इतके दिवस ज्याची वाट पाहिली ते झालं, आणि मेव्हण्याला आनंद म्हणून होईना.

फोरमन आला. त्याने खांबाला लाथ मारून पाहिली, भोकांत काठी घालून पाहिली.

“बघा!” तो खूश होऊन म्हणाला. “मी म्हणत नव्हतो? शेवटी हात दाजींचाच! ठेवा खांब तुमच्याकडेच. आणि दाजी, शेजारच्यांना पण जरा आवळायला शिकवा.”

मेव्हण्याच्या जिभेवर सगळं आलं. त्याने दाजींकडे पाहिलं. दाजी नळी गुंडाळत होते, खाली मान घालून. फोरमन निघून गेला.

म्हणजे झालं, मेव्हण्याला वाटलं. आता कोण कशाला सांगतंय? कौतुक पदरात पडलं, खांब मिळाला. उद्या पुन्हा आत शिरतील, पुन्हा म्हणतील, झाला पक्का. आणि मी त्यांच्या शब्दावर विसंबून, तोंड शिवून. लिफ्टच्या पिंजऱ्यातून वर जाताना तो दाजींकडे पाठ करून उभा राहिला.

वर ऊन कलतं झालं होतं. आज भोंगा झाला तेव्हा दोघंही वर आलेले होते. माणसं नळांवर तोंडं धूत होती, एकमेकांवर पाणी उडवत होती. “काय मेव्हण्या, आज खांबाने सोडलं लवकर?” कुणीतरी ओरडलं. फाटक्या सदऱ्याने तोंड पुसत तो फाटकाकडे वळला. ताई वाट बघत असेल, निदान तिला तरी वेळेवर पाणी मिळू दे.

दाजी शेजारी नाहीत हे त्याच्या जरा उशिराने लक्षात आलं. त्याने मागे पाहिलं.

ते नळावर गेलेच नव्हते. चेहऱ्यावरचा चिखल तसाच, मिशीही करडी झालेली. गर्दीतून, कुणाशी न बोलता, कुणाच्या थट्टेला उलट थट्टा न करता ते अंगण ओलांडून चालले होते. फोरमनच्या खोलीच्या पायरीशी ते क्षणभर थांबले, बुटांचा चिखल झटकला आणि दार ढकलून आत गेले.