उकळून, गार करून

“बाबा, हिचे ओठ बघा! शाई प्यायल्यासारखे झालेत!”

लेकीची हाक ऐकून उकळेकाका दुधाची बाटली हातात घेऊनच आतल्या खोलीत धावले. दूध नातीचं होतं, नुकतंच कालवलेलं. खिडकीपाशी नेऊन त्यांनी पोरीचा चेहरा उजेडाकडे धरला. ओठच काय, नखंसुद्धा निळी पडली होती. तीन महिन्यांची पोर, रडतही नव्हती, नुसती टकमक बघत होती.

“अहो, उभे काय राहिलात? गाडी बघा आधी!” बायको ओरडली.

उकळे हे काही काकांचं आडनाव नव्हे. ते वसाहतीचा पंप चालवायचे. एक बोअर, एक उंच टाकी आणि पाचपन्नास घरं, एवढंच त्यांचं राज्य. पण रुबाब असा, की मोठं धरण यांच्याच अंगणात बांधलंय. कोणाचं पोट बिघडो, घसा बसो की गुडघा दुखो, त्यांचं औषध ठरलेलं: “पाणी उकळून, गार करून प्या.” शेवटी लोकांनी त्यांचं आडनावच ते करून टाकलं. नव्या भाडेकरूंना तर ते खरंच वाटायचं, आणि काकाही कोणाची समजूत काढायच्या फंदात पडायचे नाहीत.

माणूस मात्र कामाला चोख. क्लोरीनचं प्रमाण इकडचं तिकडे होऊ द्यायचे नाहीत. दर महिन्याला जंतूंची तपासणी, वर्षातून एकदा, उन्हाळ्यात, क्षारांची. सगळं नियमाला धरून. शिवाय रोज सकाळी टाकीखालच्या नळाचा पहिला पेला स्वतः प्यायचे, जिभेवर नीट घोळवून. “मला चाललं म्हणजे सगळ्यांना चाललं,” हे त्यांचं ठाम मत. इतक्या वर्षांत त्यांच्या पाण्याला कोणी नावं ठेवली नव्हती.

बाळंतपणानंतर लेक आजारी पडली, अंगावरचं दूध गेलं आणि पावडरचं दूध सुरू झालं. तेव्हापासून नातीच्या पाण्याला काकांनी बायकोलाही हात लावू दिला नाही. उकळी फुटली की लोक गॅस बंद करतात. काका समोर स्टूल घेऊन बसायचे. पातेल्यातलं पाणी आटून अर्ध्यावर आलं की मगच त्यांच्या जिवाला बरं वाटायचं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पोरीला ऑक्सिजन लावला, तरी निळेपणा हटेना. मग रक्त काढलं. सुईत आलेलं रक्त बघून लेकीने तोंडावर हात दाबला. ते लाल नव्हतं. गंजक्या पाण्यासारखं तपकिरी होतं.

“वरचं दूध देता ना? पाणी कुठलं?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“माझ्या टाकीचं,” काका पुढे झाले. “तेही उकळलेलं, बाई. चांगलं अर्धं आटवून. एक जंतू सापडला तर मिशी उतरवीन!”

बाईंचा हात थांबला. “अर्धं आटवून?”

“हो तर!”

“बोअरचं पाणी आहे? जवळपास शेतं आहेत?”

“टाकीच्या मागेच आहेत. पण पाणी तपासलेलं आहे.”

“पावसानंतर?”

“उन्हाळ्यात. सगळं नियमात होतं, बाई.”

“शेतात टाकलेलं खत पावसाच्या पाण्याबरोबर खाली उतरतं, काका. त्यातलं नायट्रेट तुमच्या बोअरमध्ये आलं असणार. ते काही जंतू नाही उकळून मरायला.” बाईंनी आवाज खाली आणला. “मिठाचं पाणी आटवलं तर काय होतं?”

“जास्त खारट होतं,” काका म्हणाले, आणि म्हणता म्हणताच त्यांच्या डोळ्यांपुढे ते अर्ध्यावर आटलेलं पातेलं उभं राहिलं.

लेक त्यांच्याकडे बघत होती. ती नजर रागाची असती तरी काकांना सोसली असती. ती फक्त थक्क होती.

“पण मी रोज पितो ते पाणी,” काका कसेबसे म्हणाले. “चवीत काहीसुद्धा नाही हो त्याच्या!”

“चव नसते. वास नसतो, रंग नसतो. मोठ्यांना कळतही नाही. एवढ्याशा बाळांचं रक्त मात्र प्राणवायू धरेनासं होतं.”

तेवढ्यात नर्स औषध घेऊन आली. सिरिंजमधलं औषध गडद निळं होतं.

“आणखी निळं?” लेक किंचाळली.

“याच्यानेच उतरेल ते,” बाई म्हणाल्या आणि पोरीच्या मनगटावर वाकल्या.

काका भिंतीला टेकले. जगात एवढी माणसं, आणि या लेकराला विष पाजायला आजोबाच सापडावा? तेही स्टूल घेऊन समोर बसून, इतक्या मायेने? आणि त्याच क्षणी त्यांना वसाहतीतल्या शिंप्याची सून आठवली. तिचंही बाळ तान्हं, तेही वरच्या दुधावर. तिला जिन्यात थांबवून काकांनीच बजावलं होतं, “नुसतं उकळू नकोस हो पोरी, अर्धं होईस्तोवर आटव.”

त्यांनी शिंप्याला फोन लावला. पण मशीनच्या धडधडीत त्याला फोन कुठला ऐकू येतोय! काका रिक्षा पकडून वसाहतीकडे सुटले.

सून बाळाला मांडीवर घेऊन बसली होती, बाटली त्याच्या तोंडात. काकांनी ती ओढून घेतली. बाळाने भोकाड पसरलं.

“अहो काका! काय हे? तुम्ही सांगितलं तस्संच केलंय, मस्त आटवलंय!”

“ओठ बघू दे त्याचे.”

ओठ गुलाबी होते. जरा फिकट, पण गुलाबी. काका मटकन उंबऱ्यावर बसले आणि सगळ्यांदेखत रडले. मग डोळे पुसून म्हणाले, “त्याला आत्ता दवाखान्यात ने. आणि हे पाणी देऊ नकोस. उकळून तर मुळीच नको.”

“उकळून नको?” शिंपी मशीनवरून हसला. “उकळे, आज सूर्य पश्चिमेला उगवला की काय?”

काकांनी पंप बंद केला, पाणीखात्याला फोन केला आणि दारोदार फिरले. तान्ह्या बाळांना आणि पोटुशींना हे पाणी नको, टँकर येतोय, असं सांगत. प्रत्येक दारात एकच प्रश्न यायचा, “मग उकळून घेतलं तर चालेल ना?” आणि प्रत्येक दारात काका मान हलवून “नाही” म्हणायचे. कोणी हसलं, कोणाला चेष्टा वाटली. एक आजी मात्र रोखून बघत म्हणाल्या, “मग इतकी वर्षं काय सांगत होतास रे?”

काका पुढच्या दाराकडे वळले.

संध्याकाळी ते दवाखान्यात परतले तेव्हा नात खणखणीत रडत होती. नखं गुलाबी झाली होती. नर्सने दवाखान्याच्या पाण्यात दूध करून बाटली लेकीच्या हातात दिली होती. पण पोर तोंड फिरवत होती.

“बाबा, तुम्ही पाजा,” लेक म्हणाली.

“मी नको गं.”

“दुसऱ्या कोणाच्या हातून पीत नाही ती.” लेकीने बाटली पुढे केली, पण बघत होती खिडकीबाहेर.

काकांनी नातीला मांडीवर घेतलं. बाटली हलवली. दुधाचे दोन थेंब तळहातावर पाडले, जिभेवर घेतले आणि डोळे मिटून घोळवत राहिले.

“काय कळतंय?” बायकोने हळूच विचारलं.

“काही नाही,” काका म्हणाले, आणि त्यांनी आणखी एक थेंब तळहातावर पाडला.