मौनी आणि रेडिओ

माझा घसा दुपारपर्यंत बसतो. तिसरीचा वर्ग म्हणजे डोक्याला ताप, त्यात मौनी. वर्ष संपत आलं तरी या पोरीनं माझ्यासमोर तोंड उघडलं नव्हतं. गोडीनं विचारलं, रागावून विचारलं, गोष्टी सांगितल्या. पालथ्या घड्यावर पाणी. मोठ्या बाईंनी शेवटी ठणकावलं, "उद्या मी स्वतः येते. बोलली नाही तर खालच्या वर्गात बसवू." हे ऐकून तिची आई माझ्यासमोर रडली. मला तर रडायचंही त्राण नव्हतं.

मौनीच्या शेजारी बसायची ती रेडिओ. अखंड बडबड, आणि तीही बहुतेक थापा. त्यासाठी वर्षभर मी तिला ओरडून ओरडून थकले होते.

मोठ्या बाई आल्या, खुर्ची ओढून मौनीसमोर बसल्या. "सुट्टीत काय केलंस गं?"

मौनी बाकाकडे बघत राहिली. मोठ्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं. संपलं, असं मी मनात म्हटलं.

तेवढ्यात रेडिओ उठली. "ती मामाकडे गेली होती. तिथं कुत्रीला चार पिल्लं झाली, सगळी काळी."

"अगं, तुला कोणी विचारलं?" मी करवादले.

"मामाकडे नाही," मौनी म्हणाली. आवाज बारीक, पण स्पष्ट. "मावशीकडे. आणि कुत्री नाही, मांजर. तीन झाली. एक मेलं, ते आम्ही झाडाखाली पुरलं."

मोठ्या बाई मौनीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "राहू दे हिला इथंच."

मला भरून आलं. सुटका झाली म्हणूनही असेल.

शाळा सुटल्यावर मी रेडिओला थांबवलं. "थाप का मारलीस?"

"चुकीचं सांगितलं की ती बोलते," ती दप्तर आवळत म्हणाली. "मधल्या सुट्टीत मी रोज तसंच करते. तुमचं सगळं बरोबरच असतं ना बाई, मग ती काय बोलणार?"

मी तिला घरी पाठवलं.

दुसऱ्या दिवशी बुधवार होता. मी फळ्यावर मुद्दाम शनिवार लिहिलं आणि वाट बघत बसले. रेडिओचा हात वर गेला. मग तिनं शेजारी पाहिलं आणि तो खाली घेतला.

"बाई," मौनी म्हणाली, "चुकलंय."