गुडघ्याचा पायगुण

आखाती देशात, गाला भागात राहणाऱ्या आशुतोषच्या स्वयंपाकघरात शुक्रवारी सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. इंजिनिअर, अकाउंटंट, बँकवाले, सगळे दाराबाहेर चपला काढून हात जोडून उभे होते. देव्हाऱ्यापुढे नव्हे, कचरा दाबायच्या मशीनपुढे! मशीनपाशी व्हिजिट व्हिसावर भारतातून आलेले रामकृष्णमहाराज बसले होते.

"यंत्रातही जीव असतो, त्यालाही दृष्ट लागते!" असं म्हणून महाराजांनी फुंकर मारली, बटण दाबलं. आठवडाभर बंद असलेलं मशीन घर्रर्र करत कचरा दाबू लागलं.

"लॉजिकच्या पलीकडचं आहे हो हे!" एक अकाउंटंट गहिवरले.

"आता सूनबाईंनी दाबावं," महाराज उठत म्हणाले.

आशुतोषच्या बायकोने, नयनाने, बटण दाबलं. मशीन ढिम्म.

"पायगुण!" महाराजांनी डोळे मिटले. "हिला सव्वा वर्ष माहेरी ठेवा. नाहीतर मुलाची नोकरी गेलीच समजा."

आशुतोषच्या कंपनीत माणसं कमी करणं चालूच होतं. त्याच्या आई, गंगुबाई, रडू लागल्या. "ही आल्यापासून एक गोष्ट धड होत नाही हो!" आशुतोष मान खाली घालून मोबाइलवर मुंबईचं विमान बघू लागला. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. नयना भिंतीला टेकून उभी होती. मी शेजारची मैथिली, शाळेत फिजिक्स शिकवते. शिकल्यासवरल्या माणसांचा हा खुळेपणा पाहून माझं डोकंच फिरलं.

एक गोष्ट मी पाहिली होती. बटण दाबताना महाराजांचा गुडघा मशीनच्या खणावर रेललेला होता.

"महाराज, आता उभ्याने चालवा ना," मी म्हटलं.

"बेटी, साधनेला आसन लागतं."

"एकदाच. आशुतोषच्या नोकरीचा प्रश्न आहे."

सगळे बघत होते. महाराजांनी उभ्याने बटण दाबलं. पुन्हा दाबलं. ढिम्म.

"नयना, आधी प्लग काढ. मग खण पूर्ण बाहेर ओढ," मी म्हटलं.

तिने हातमोजे चढवले, खण काढला, टॉर्च मारला आणि खण सरकतो त्या पट्टीत अडकलेलं काहीतरी चिमट्याने ओढलं. खजुराची बी!

"अगंबाई, माझ्या एकादशीच्या खजुराची," गंगुबाई पुटपुटल्या.

कुणाचा हात चिरडू नये म्हणून खण घट्ट मिटल्याशिवाय हे मशीन चालतच नाही. बीमुळे खण किंचित उघडा राहायचा. गुडघ्याने रेटला की मिटायचा. सकाळी महाराज 'शुद्धी'साठी इथे एकटेच बसले होते, तेव्हाच त्यांना ते कळलं असणार. पायगुण होता तो त्या गुडघ्याचा.

नयनाने खण बसवला, प्लग लावला, बटण दाबलं. घर्रर्र!

"महाराजांनीच तिच्या हातून करवून घेतलं," मागून कुणीतरी म्हणालं आणि चार माना डोलल्या. महाराज तोवर दाराबाहेर चपला शोधत होते. मला भीती वाटली ती त्या डोलणाऱ्या मानांची.

नयनाने हातमोजे काढले. "आशुतोष, मशीन बंद पडलं तेव्हा तू खण एकदाही ओढून पाहिला नाहीस. मला पाठवायला मात्र लगेच तिकीट बघितलंस."

आशुतोषने मोबाइल खिशात टाकला.

तेव्हा मंडळी, घरात काही अडलं तर प्लग काढा, उघडून बघा. नाही जमलं तर मेकॅनिकला बोलवा. कुणाच्या लेकीला घराबाहेर काढण्याआधी निदान खण तरी बाहेर काढा.