तीन फेऱ्या आणि उजवं चाक

त्या डेपोत एखादा आवाज आहे की नाही हे ट्रक ठरवत नसे, फोरमन ठरवत असे. ट्रक कितीही कुरकुरला, घरघरला, दात खाऊ लागला तरी फोरमनच्या कानांनी मंजुरी दिल्याशिवाय तो आवाज कागदावर येत नसे, आणि जे कागदावर नाही ते डेपोत नाही. ट्रक सगळे म्हातारे. नवे ट्रक दुसऱ्या डेपोंना मिळत आणि तिथे त्यांची हाडं खिळखिळी झाली की इकडे येत, त्यामुळे तक्रारींना तोटा नव्हता.

फोरमनची एक पद्धत होती. ती त्याने स्वतः बसवली होती आणि तिच्याबद्दल तो पोटच्या पोरीबद्दल बोलावं तसा बोलायचा. ट्रक रिकामा करायचा. वर्कशॉपच्या शेडभोवती चौकोनी रस्ता होता, त्यावर पांढऱ्या रंगात बाण काढलेला होता. त्या बाणाच्या दिशेने तीन फेऱ्या मारायच्या. पहिल्या फेरीत ड्रायव्हरने तोंड बंद ठेवायचं आणि नजर समोर. दुसऱ्या फेरीत अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढायचा; घरघर कमी झाली तर दोष अ‍ॅक्सलच्या गिअरमध्ये, तशीच राहिली तर चाकाच्या बेअरिंगमध्ये. तिसऱ्या फेरीत फोरमन डोळे मिटून घ्यायचा आणि खाली उतरून सांगायचा, डावं मागचं, आतलं बेअरिंग. चाकाच्या मधलं हब उघडलं की नेमकं तेच निघायचं. बघणारे तोंडात बोट घालायचे. फोरमन चेहऱ्यावर काही दाखवायचा नाही. त्या दिवशी चहा तेवढा दोनदा प्यायचा.

उजव्या चाकाच्या तक्रारी मात्र जवळजवळ सगळ्या खोट्या निघत. याचं दुसऱ्या कुणाला नवल वाटलं असतं. फोरमनला वाटलं नाही, कारण त्याच्याकडे सिद्धान्त तयार होता. डावं चाक रस्त्याच्या कडेने चालतं, चिखल, खड्डे, दगड सगळं तेच सोसतं, म्हणून तेच बिघडतं. उजवं चाक रस्त्याच्या मधोमध सुखात असतं. मग ड्रायव्हरांना उजवीकडे आवाज का येतो? कारण ड्रायव्हर बसतोच उजवीकडे. माणसाला आपल्या बाजूचंच दुखणं मोठं वाटतं. हे सगळं त्याने चाळीस पानांच्या पुस्तिकेत लिहून काढलं होतं आणि त्यातलं एक पान नुसतं ड्रायव्हरांच्या मनाच्या खेळांवर खर्ची घातलं होतं.

या पद्धतीने एका माणसाला गेटवर नेऊन बसवलं होतं. तो फोरमनचा साडू. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी, फोरमनची थोरली आणि साडूची धाकटी. चार वर्षांपूर्वी साडू याच डेपोत ट्रक चालवायचा. उजव्या मागच्या चाकात घरघर आहे म्हणून त्याने तक्रार केली. फोरमनने नातं बाजूला ठेवून, म्हणजे जरा जास्तच बाजूला ठेवून, तीन फेऱ्या मारल्या आणि लिहिलं, आवाज आढळला नाही. सहाव्या दिवशी उतारावर ते चाक निघालं, ट्रक कडेच्या दरडीला टेकला आणि साडूच्या खांद्याचं हाड मोडलं. चौकशीत फोरमनचा कागद पुढे आला. बेअरिंगमध्ये दोष नव्हता असं कागद म्हणतोय, तेव्हा दोष ड्रायव्हरचा, असा निकाल लागला. तेव्हापासून साडू गेटवरचा दांडा वर-खाली करायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकांचे नंबर लिहायचा.

बरं, हे डेपोपुरतं राहतं तर चाललं असतं. पण धाकट्या बहिणीनेही कागदावरच विश्वास ठेवला. भाऊजींनी लिहिलंय ते उगीच नसणार, आणि भाऊजी आपल्याच माणसाविरुद्ध खोटं कशाला लिहितील? चार वर्षांत तिने नवऱ्याला एकदाही विचारलं नाही की त्या उतारावर झालं काय. दोन्ही घरं जेवायला एकत्र बसली की फोरमन ब्रेक हलक्या पायाने कसा दाबावा यावर बोलायचा, दोघी बहिणी माना डोलवायच्या आणि साडू खाली मान घालून जेवायचा.

यंदा साडूने पुन्हा ट्रक मिळावा म्हणून अर्ज केला होता. तिसरा अर्ज. त्यावर 'फोरमनचा अभिप्राय' असा रकाना होता आणि तो कोराच होता. फोरमनला सवड नव्हती, कारण मुख्य कार्यालयातून साहेब येणार होते. तीन फेऱ्यांची पद्धत त्यांच्या कानावर गेली होती. ती बावीस डेपोंत लागू करायची आणि फोरमनला सगळ्या डेपोंचा प्रमुख परीक्षक करायचं, असं घाटत होतं.

फोरमनने आठवडाभर अंगात आल्यासारखी तयारी केली. शेड धुतली, बाणावर नवा रंग चढवला, पुस्तिकेला कव्हर घातलं. प्रात्यक्षिकासाठी ट्रक निवडण्यातही त्याने डोकं चालवलं. खरी तक्रार शोधून दाखवणं कुणालाही जमेल. खोटी तक्रार उघडी पाडली तर साहेबांच्या लक्षात राहील. एका ठेंगण्या ड्रायव्हरने नुकतीच उजव्या मागच्या चाकाची तक्रार दिली होती. ड्रायव्हर सरळ, ट्रक जुना, आणि तक्रार उजवी. यापेक्षा चांगला नमुना मिळणार नव्हता.

साहेब अकराला आले. त्यांना शेडच्या सावलीत खुर्ची दिली गेली. त्यांच्या ड्रायव्हरलाही सावलीच हवी होती, म्हणून त्याने गाडी नेमकी चौकोनी रस्त्यावर, बाणाच्या टोकाशी लावली आणि किल्ली खिशात घालून तो जेवायला निघून गेला.

डेपोत माणसं पंचवीस, पण साहेबांची गाडी हलवायला हवी हे साहेबांना सांगेल असा एकही मायेचा पूत निघाला नाही. फोरमनने दोनदा घसा खाकरला. साहेबांनी घड्याळ पाहिलं. मग फोरमनने ठेंगण्या ड्रायव्हरला हळूच सांगितलं की ट्रक वळवून घे आणि उलट्या बाजूने निघ, जवळजवळ पूर्ण फेरी मारून गाडीच्या अलीकडे येऊन थांबू. फेरी ती फेरी. साहेबांना दिशा थोडीच कळणार होती?

पहिल्या कोपऱ्यावर ट्रक डावीकडे वळला आणि जात्यात खडा अडकावा तशी घरघर सुरू झाली. फोरमनच्या सीटखालचा पत्रा थरथरला. ट्रक सरळ झाला, घरघर विरली. दुसऱ्या कोपऱ्यावर पुन्हा तेच. तिसऱ्यावर तर ठेंगण्याने नियम मोडून फोरमनकडे पाहिलं. फोरमनने त्याला पाय काढायला सांगितलं. आवाज तिळभर कमी झाला नाही. डोळे मिटायची गरजच राहिली नाही.

खाली उतरल्यावर फोरमनने जॅक लावला. उजवं मागचं चाक उचललं, वर-खाली धरून हलवलं, तर ते पडायला आलेल्या दातासारखं हललं. एक हात स्प्रिंगच्या पाट्यांवर ठेवून दुसऱ्या हाताने चाक फिरवलं, तर खरखर थेट तळहातात आली. हब उघडलं. ग्रीस काळं पडलेलं, त्यात लोखंडाचा चुरा चकाकत होता, आणि बेअरिंगचे रूळ तापून निळे झालेले.

आता या माणसाला काम येत नव्हतं असं कुणी म्हणू नये. काम त्याला येत होतं, म्हणूनच तो तिथे उकिडवा बसल्या बसल्या सगळं समजून चुकला. गाडी डावीकडे वळते तेव्हा भार उजव्या चाकांवर पडतो, आणि उजवीकडे वळते तेव्हा डाव्या. दुखऱ्या बेअरिंगवर भार पडला की ते ओरडतं, भार निघाला की गप्प बसतं. आणि त्याच्या बाणाने नऊ वर्षं प्रत्येक ट्रकला चारही कोपऱ्यांवर उजवीकडेच वळवलं होतं. बाण तसा काढण्याचं कारण एवढंच, की पूर्वेकडे जाताना ट्रक शेडच्या सावलीत राहावा आणि सकाळचं ऊन त्याच्या डोळ्यांवर येऊ नये.

त्याने रजिस्टर मागवलं आणि तिथेच जमिनीवर बसून पानं उलटली. नऊ वर्षांत तीन ट्रकांची चाकं रस्त्यावर निघाली होती. तिन्ही उजवी. साडूची तक्रार त्याच्याच अक्षरात होती: 'डाव्या वळणावर घरघर वाढते.' फोरमनने त्यावर लाल रेघ मारून बाजूला लिहिलं होतं, तक्रार फक्त चाकाबद्दल द्यावी, वळणांबद्दल नको. फोरमनला आपल्याच अक्षराची शिसारी आली.

साहेब अजून खुर्चीतच होते. फोरमन त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला आणि त्याने सगळं सांगितलं. लपवलं असतं तर खपून गेलं असतं, हे त्याला कळत होतं. तरी त्याने सांगितलं, हे त्याच्या खात्यावर जमा धरायलाच हवं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे प्रश्न दिशेचा आहे ना?"

"हो साहेब."

"मग बाण उलटा करा."

फोरमन म्हणाला, "साहेब, मग डाव्या चाकांचा आवाज येणार नाही."

"डावी चाकं नऊ वर्षं तपासून झालीत ना?" साहेब म्हणाले. "आता नऊ वर्षं उजवी तपासा."

दोन्ही बाजूंनी फेऱ्या मारल्या तर काम निघेल, असं फोरमनने सुचवून पाहिलं. साहेबांनी सांगितलं की 'तीन फेऱ्यांची पद्धत' या नावाने फाईल वर गेली आहे, तिच्या सहा फेऱ्या केल्या तर डिझेलचा खर्च दुप्पट होईल आणि फाईल परत खाली येईल. बाकी माणूस स्वतःची चूक स्वतः दाखवतो याचं त्यांना फार कौतुक वाटलं, आणि असा परीक्षक बावीस डेपोंना मिळणं हे खात्याचं भाग्य आहे, असं त्यांनी वहीत लिहूनही घेतलं. मग फोरमनने खिशातून साडूचा अर्ज काढला. अभिप्रायाच्या रकान्यात त्याने गुडघ्यावर धरून लिहिलं होतं, ड्रायव्हरचा दोष नव्हता, माझी तपासणी चुकली. साहेबांनी तो अर्ज वाचून घडी घालून परत दिला. ते म्हणाले, याला ट्रक द्यायचा तर चौकशी चुकली म्हणावं लागेल, चौकशी चुकली म्हणायचं तर पद्धत चुकली म्हणावं लागेल, आणि पद्धत तर आजच मंजूर झाली आहे. तेवढ्यात त्यांचा ड्रायव्हर जेवून आला आणि गाडी बाणावरून निघून गेली.

फोरमन अर्ज हातात घेऊन गेटवर गेला. साडू गाडीचा नंबर लिहीत होता. फोरमनने त्याला हब, बाण, साहेब, सगळं एका दमात सांगितलं आणि शेवटी म्हणाला, "चाक तुझ्यामुळे निघालं नव्हतं."

साडूने पेनाला टोपण लावलं. "ते मला माहीत होतं," तो म्हणाला.

"मग बोलला का नाहीस कधी?"

"तुमच्या कागदासमोर बोलून काय उपयोग होता? आणि हे मला नका सांगू साडूभाऊ. माझ्या घरी येऊन सांगा. ती माझं ऐकणार नाही, तुमचं ऐकते."

ड्यूटी सुटल्यावर दोघे चालत निघाले. साडूच्या घराच्या दोन पायऱ्या फोरमन त्याच्या मागोमाग चढला. फोरमनची बायकोही तिथेच आलेली होती; दोघी बहिणी आत कपड्यांच्या घड्या घालत होत्या. बायकोने फोरमनचा चेहरा पाहून विचारलं की साहेबांनी नाही म्हटलं की काय. फोरमनने नकारार्थी मान हलवली. मग उभ्या उभ्याच, मेहुणीकडे बघत, त्याने सांगितलं की आपण चुकीच्या बाजूने फेऱ्या मारत होतो, तो आवाज खरा होता आणि ट्रक आपण थांबवायला हवा होता. बायको काहीतरी सावरून घ्यायला निघाली. फोरमनने तिला हाताने थांबवलं.

मेहुणीने हातातली चादर मांडीवर ठेवली. भाऊजी, हे कागदावर दुरुस्त होणार का, असं तिने विचारलं. फोरमन म्हणाला, होणार नाही, मी प्रयत्न केला. तिला फोरमनवर रागवायचं होतं, हे दिसत होतं, पण त्याआधी तिला दुसरंच काहीतरी उरकायचं होतं.

ती नवऱ्याकडे वळली. "अहो," ती म्हणाली, "त्या दिवशी काय झालं होतं, सांगा ना मला."

साडू तिच्याशेजारी बसला. नेहमीप्रमाणे मान खाली घालून त्याने सुरुवात केली, पण दोन वाक्यांनंतर मान वर आली. पहाटे गाडी काढली तेव्हा चाक कसं लागत होतं, पहिल्या डाव्या वळणावर त्याला काय ऐकू आलं, उतारावर ब्रेक लावला तेव्हा आरशात आपलंच चाक मागून पळत येताना कसं दिसलं, आणि माणसं रस्त्यावर होती म्हणून त्याने ट्रक दरडीकडेच का घेतला. ती मध्येमध्ये विचारत होती आणि तो सांगत होता. फोरमनला कुणी बस म्हटलं नव्हतं. तो दाराशी उभा राहून सगळं ऐकत राहिला.