‘माफ करा’ म्हणणारा गुंड

प्रत्येक माणसाच्या आयुष्यात एक क्षण असा येतो की सगळी सोंगं गळून पडतात आणि तो आतून खरा कोण आहे हे जगाला दिसतं. लायनेल पॉबजॉयच्या आयुष्यात हा क्षण आला तेव्हा तो ज्युलियन फेन यांच्या पायावर उभा होता.

लायनेल धंद्यानं नट. शाळेत क्रिकेटच्या चेंडूनं नाक चपटं केलेलं, मान जवळजवळ नाहीच, खांदे कपाटाएवढे. असा देह घडवून देवानं आत स्वभाव मात्र चर्चमध्ये फुलं लावणाऱ्या बाईंचा भरला होता. टेलिव्हिजनवाले त्याला गुंडाशिवाय काही देत नसत, आणि त्याच्या गुंडांना बोलायला कुणी देत नसे. दारात उभं राहायचं, मुठी चोळायच्या, नायकानं ढकललं की पडायचं. पडण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, पण नुसतं पडून माणूस वर किती जाणार?

या खेपेला मात्र त्याला वाक्य होतं. तेही ‘किरकोळ चौकशी’ या मालिकेत! अल्बर्ट विंच नावाचा एक फाटका खाजगी गुप्तहेर, मासे तळणाऱ्याच्या दुकानावर त्याची कचेरी, पोलीस त्याला हुडूत करणार, अशिलं त्याला फसवणार, आणि शेवटी विंचसाहेब भिजत बसस्टॉपवर. विंचचं काम ज्युलियन फेन करत. इंग्रज माणसाला जिंकणाऱ्याचा वीट आला की तो अशा माणसावर जीव टाकतो. शुक्रवारी संध्याकाळी निम्मा देश विंचसाठी चहा गार करत बसे.

“बोलायला मिळतंय ना? मग बोलून घे,” बायको म्युरिएल म्हणाली होती. “त्यांनी पुन्हा बोलावलं तर मी तोंडातून चकार शब्द काढणार नाही. नाही बोलावलं तर सोमवारपासून क्लिफर्डकडे.”

क्लिफर्ड म्हणजे तिचा भाऊ. क्रॉयडनला त्याचं गालिच्यांचं दुकान होतं आणि त्यात एक जागा रिकामी होती. मेव्हण्याच्या खांद्यांकडे तो नेहमी गुंडाळ्या उचलणाऱ्याच्या नजरेनंच बघत आला होता.

चित्रीकरणाच्या दिवशी लायनेल थेम्सकाठच्या स्टुडिओत पोचला तेव्हा वेशभूषेच्या डॉरिसबाई चीज किसायच्या किसणीनं विंचच्या कोटाची कॉलर खरवडत होत्या.

“फेनसाहेबांनी काल कोट घरी नेला,” त्या दातओठ खात म्हणाल्या, “आणि धुऊन, इस्त्री करून आणला! तीन आठवड्यांचा माझा मळ गेला, मिस्टर पॉबजॉय. आता एवढी कळकट कळा पुन्हा कुठून आणू?”

त्या काळी अशी मालिका नाटकासारखी सलग चित्रित करत. टेप कापून जोडायची म्हणजे वरच्या मजल्यावरच्या साहेबांची परवानगी लागे, आणि तिथल्यांपेक्षा देव लवकर भेटे. कुणी चुकलं तर सगळा अंक पहिल्यापासून. आणि चुकणाऱ्याला मग कुणी चहा विचारत नसे.

“मिस्टर पॉबजॉय,” कानावर हेडफोन चढवलेल्या मिस ब्रॉकलबँक म्हणाल्या. स्टुडिओच्या फरशीवर त्यांचंच राज्य होतं. “दार उघडायचं, तीन पावलं, कॉलर धरायची, वाक्य बोलायचं, बाहेर. दार आपटू नका, भिंत हलते.”

वाक्य असं होतं: ‘उद्या दुपारपर्यंत गाव सोड, विंच, नाहीतर तुझी हाडं गोळा करायला माणूस लावावा लागेल.’ लायनेलनं ते आठवडाभर न्हाणीघरात इतक्या वेळा गर्जून म्हटलं होतं की शेजारच्या बाईंनी पोलिसांना विचारून ठेवलं होतं.

लाल दिवा लागला. मिस ब्रॉकलबँकचा हात खाली आला.  लायनेलनं दार उघडलं, एक पाऊल, दुसरं पाऊल, आणि तिसरं थेट फेनसाहेबांच्या डाव्या पायावर. आतलं हाड वाजलेलं त्याला ऐकू आलं.

“अरेरे, माफ करा हं,” गुंड म्हणाला.

“छे छे, माझंच चुकलं,” गुप्तहेर म्हणाला.

दोघेही एकाच देशाचे. पायाखाली पाय आला की या देशात दोन्ही बाजू माफी मागतात. त्याला मेंदू लागत नाही. मेंदू दोघांनाही नंतर आला. डॉरिसबाईंची किसणी खणकन फरशीवर पडली. मिस ब्रॉकलबँकनी डोळे मिटले. कॅमेरा मात्र चालूच होता, कारण थांबा म्हणायला वरच्या काचेच्या खोलीतल्या दिग्दर्शकाला कंठच फुटत नव्हता.

लायनेलला डोळ्यांपुढे क्लिफर्डचे गालिचे दिसले. लाल, निळे, फुलाफुलांचे, रांगेनं उभे. त्यानं हळूच पाय उचलला, वाकून फेनसाहेबांच्या बुटावरची धूळ झटकली, त्यांची कॉलर दोन बोटांनी सारखी केली आणि अगदी मऊ, ओशाळ्या आवाजात म्हणाला, “दुखलं का फार? नका मनावर घेऊ. पण उद्या दुपारपर्यंत गाव सोडा बरं का, मिस्टर विंच. नाहीतर तुमची हाडं गोळा करायला माणूस लावावा लागेल. मलाच वाईट वाटेल हो.”

आणि दार हळूच ओढून घेऊन तो बाहेर गेला. भिंत हलली नाही.

फेनसाहेबांचा चेहरा पांढराफटक पडला होता. तो पायामुळे की भीतीमुळे हे कॅमेऱ्याला कळत नव्हतं.

अंक संपला आणि लोखंडी जिन्यावर धाडधाड पावलं वाजली. दिग्दर्शक डेरेक मस्क्रोव्ह दोन-दोन पायऱ्या गाळत खाली येत होता.

“कुणी सांगितलं तुला तसं करायला?”

“माफ करा,” लायनेल म्हणाला.

“हाच! अरे राजा, हाच तो आवाज! ऐकलंत का? माझ्या पाठीतून बर्फ गेला रे बर्फ! ब्रॉकलबँक, पुन्हा घ्यायचं नाही, काही नाही, आहे तसं ठेवा!”

“पण संहितेत—”

“संहिता गेली खड्ड्यात! लेखक कुठाय? लेखकाला उठवा!”

लेखक उठला, लायनेलकडे बघत राहिला, आणि पुढच्या भागात हा माणूस हवाच असं शपथेवर म्हणाला. फेनसाहेब लंगडत आले, त्यांनी लायनेलचा हात हातात घेतला आणि पुन्हा एकदा पायाबद्दल माफी मागितली. लायनेलनंही मागितली. हे बराच वेळ चाललं.

शुक्रवारी लायनेलच्या बैठकीत पाय ठेवायला जागा नव्हती. शेजारी खुर्च्या घेऊन आले होते, म्युरिएलनं सार्डिन माशांचे सँडविच केले होते, क्लिफर्ड शेरीची बाटली आणि गालिच्यांचे नमुने घेऊन आला होता.

“काय पैलवान,” क्लिफर्ड म्हणाला, “पापणी लवायच्या आत तुझं काम संपणार असेल तर आधी सांग. मी चष्मा घरी विसरलोय.”

“गप बस, क्लिफ,” म्युरिएल म्हणाली. “आलं, आलं! तो बघा दारात!”

पडद्यावर दार उघडलं. एक पाऊल, दोन, तीन. ‘अरेरे, माफ करा हं.’ आधी कुणीतरी हसलं. मग बुटावरची धूळ झटकली गेली, कॉलर सारखी झाली, आणि हसणाऱ्याच्या घशात सँडविच अडकला. ‘मलाच वाईट वाटेल हो’ ऐकताच शेजारच्या बाईंनी आपल्या नवऱ्याचा दंड धरला. क्लिफर्डनं चष्मा नसलेल्या डोळ्यांवर हात घेतला.

दार मिटलं आणि बैठक फुटली! टाळ्या, किंकाळ्या, कुणी लायनेलच्या पाठीत धपाटा घालतंय, कुणी पुन्हा एकदा म्हणून दाखवा म्हणतंय. म्युरिएल उशीत तोंड घालून रडत होती.

“मला रात्रभर झोप येणार नाही रे,” ती म्हणाली. “तुझ्या शेजारी तर मुळीच नाही.”

लायनेल उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा त्याची छाती त्याच्या खांद्यांना शोभत होती.

“क्लिफर्ड,” तो म्हणाला, “सोमवारी मी येत नाही. तुझे गालिचे तू उचल.” आणि सवयीनं पुढे म्हणाला, “माफ कर हं.”

या खेपेला क्लिफर्डही घाबरला.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. म्युरिएल स्वयंपाकघरातून ओल्या हातानं धावत आली. दोघांनी मिळून एकच रिसीव्हर कानाला लावला.

“मिस्टर पॉबजॉय, अभिनंदन,” मिस ब्रॉकलबँकचा आवाज आला. “सकाळपासून फोन थांबत नाहीयेत. लोकांचा तुमच्यावर जीव जडलाय. पुढच्या भागात तुम्ही आहात, अगदी पहिल्या मिनिटाला.”

म्युरिएलनं त्याचा दंड इतका आवळला की वळ उठला.

“एक विचारायचं होतं. तुम्हाला पोहता येतं का?”

“नाही, मिस,” लायनेल कबूल झाला. “पण शिकेन! सोमवारीच क्लास लावतो!”

“नको, नको. पोहायचं नाहीये. लेखक म्हणाले, इतका लाडका माणूस गेला तर लोक हळहळतील. विंचला तुम्ही कालव्यात सापडता. पालथे.”

लायनेलनं तोंड रिसीव्हरजवळ नेलं.

“मला काही बोलायचं असेल का, मिस?”

“पालथे, मिस्टर पॉबजॉय.”

क्लिफर्डनं दुकानातली ती जागा त्या दिवशी सकाळीच एका वेल्श माणसाला दिली होती.